बल्लवाचार्याची कीर्ती आणि मुलांचे ताट

उजव्या हाताने दिलेल्या दानाची वार्ता डाव्या हातासही लागू नये, ही शिकवण आपल्या अंगवळणी पडलेली आहे. देवळाच्या बांधकामास देणगी देऊन भिंतीवर नावाची पाटी लावून घेणाऱ्याकडे आपण किंचित तिरक्या नजरेने पाहतो, ते याच शिकवणीमुळे. परंतु ज्या डोंगरावरील प्रवचनात ही शिकवण आहे, त्याच प्रवचनात थोडे आधी, पेटविलेला दिवा मापाखाली झाकायचा नसतो, तो दिवठणीवर ठेवायचा असतो, असाही दृष्टान्त येतो. ही दोन वचने शेजारी शेजारी मांडली म्हणजे विचारी माणूस क्षणभर थबकतो. चांगले काम झाकावे की दाखवावे?

तुमच्या-आमच्यासारख्यांपुढे हा पेच फारसा गंभीर नसतो. आपली कीर्ती आळीच्या टोकापलीकडे जात नाही. पण ज्याचा चेहरा घरोघरी ओळखला जातो, त्याने काय करावे? त्याचे सत्कृत्य लपत नाही; आणि लपविले तर त्याचे निम्मे बळ वाया जाते, कारण त्याच्या शब्दाला लाखो माणसे कान देतात. मग त्याने आपली कीर्ती समाजाच्या भल्यासाठी खर्चावी काय? खर्चलीच, तर तीत सत्कृत्य किती आणि स्वतःचा डांगोरा किती, हे कोणत्या मापाने मोजावे? या प्रश्नाचा आम्ही येथे थोडा विस्ताराने विचार करू इच्छितो.

विचारासाठी आम्ही उदाहरण निवडले आहे ते एका बल्लवाचार्याचे. स्वयंपाक हा फार काळ पडद्याआडचा व्यवसाय होता. पंगतीत पदार्थ उत्तम उतरला तर यजमानाची वाहवा होई. मीठ जास्त पडले तरच स्वयंपाक्याची आठवण निघे. दूरचित्रवाणीने हे चित्र पालटले. आता त्याचे नाव पुस्तकांच्या मुखपृष्ठावर झळकते, तव्यांवर आणि सुऱ्यांवर छापले जाते. नट किंवा गवई प्रसिद्ध झाला तर आपण त्याला पाहतो, ऐकतो आणि घरी जातो. बल्लवाचार्याचा प्रभाव मात्र आपल्या चुलीपर्यंत येतो आणि तेथून लेकरांच्या पोटात जातो. म्हणूनच त्याच्या कीर्तीचा नैतिक हिशेब अधिक काटेकोरपणे मांडावा लागतो.

असा हिशेब मांडण्यासाठी तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात कीर्तीविषयी केलेले विवेचन फार उपयोगी पडते. कीर्तीची इच्छा हेच मुळात पाप होय, असे ते म्हणत नाहीत. चांगली गोष्ट लोकांनी ओळखावी, यात वावगे काही नाही. कीर्ती पोकळ ठरते ती तीन कारणांनी. ज्या गोष्टीबद्दल ती मिळवायची ती गोष्टच क्षुल्लक असेल तर; ज्यांच्याकडून ती मिळवायची त्यांचा निवाडाच भरवशाचा नसेल तर; आणि मिळालेली कीर्ती योग्य साध्याकडे, म्हणजे देवाच्या गौरवाकडे वा शेजाऱ्याच्या हिताकडे, वळविलेली नसेल तर. कशाबद्दल, कोणाकडून आणि कशाकडे, हे तीन प्रश्न वाचकांनी मनाशी धरून ठेवावेत.

नामांकित आचाऱ्याने लोकसेवेस हात घालावा, ही गोष्ट दूरचित्रवाणीच्याही फार पूर्वीची आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमधील रिफॉर्म क्लबचा मुदपाकखाना अलेक्सिस सोयर या फ्रेंच बल्लवाचार्याच्या हाती होता. गॅसवर चालणाऱ्या त्यांच्या चुली पाहावयास प्रतिष्ठित मंडळी मुद्दाम येत. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगराईने दगावली. १८४७ साली सरकारच्या निमंत्रणावरून सोयर डब्लिनला गेले आणि तेथे त्यांनी एक प्रचंड सूपशाळा उभारली. एका वेळी शंभर माणसे आत घेतली जात. वाटीला चमचा साखळीने बांधलेला असे. घंटा वाजली की पहिली तुकडी बाहेर आणि दुसरी आत. हजारो भुकेल्यांना रोज काहीतरी गरम मिळाले, हे खरे. मात्र त्यांच्या स्वस्त सूपच्या एका कृतीत दोन गॅलन, म्हणजे सुमारे नऊ लिटर, पाण्याला अवघे पाव पौंड गोमांस होते, आणि अशा सूपने माणूस जगेल काय, असा सवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तेव्हाच केला होता.

त्याहून मनाला लागणारी गोष्ट वेगळी आहे. ५ एप्रिल १८४७ रोजी, सूपशाळेच्या उद्घाटनाच्या दिवशी, शहरातील सधन स्त्रीपुरुष आले, आणि पाच शिलिंग देणाऱ्यास भुकेलेले लोक जेवताना पाहण्याची मुभा होती. जमलेला पैसा दानधर्मासाठीच होता. हिशेबाच्या वहीत या व्यवहारात खोट काढता येणार नाही. तरीही ते वाचताना मान खाली जाते. उपाशी माणसाच्या वाटीत सूप पडले, आणि त्याच वेळी त्याच्या दैन्यावरचा पडदा ओढून घेतला गेला.

हेच सोयर १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात स्वखर्चाने गेले, तेव्हाचे चित्र निराळे आहे. स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात जखमी सैनिकांचे मांस एकाच मोठ्या हंड्यात उकडत. प्रत्येक गटाने आपला वाटा ओळखू यावा म्हणून त्याला बटण, खिळा, चिंधी, असे काहीबाही बांधून सोडलेले असे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या बरोबरीने काम करीत सोयर यांनी ही भटारखान्याची व्यवस्था सुधारली, सैनिकांनाच रांधावयास शिकविले, आणि छावणीत वापरता येईल अशी कमी सरपण लागणारी चूल तयार केली. सोयर १८५८ मध्ये वारले. त्यांची चूल ब्रिटिश लष्करात विसाव्या शतकातही पेटत होती. माणूस एकच, कीर्तीही तीच. डब्लिनमध्ये त्या कीर्तीभोवती प्रेक्षक जमले. क्रिमियात तिच्यातून शिकलेले हात आणि एक चूल मागे उरली. आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा फरक आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आता आपल्या काळाकडे येऊ. जेमी ऑलिव्हर यांचा जन्म १९७५ चा. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील क्लेव्हरिंग या गावी त्यांच्या आईवडिलांचा पब होता, आणि त्याच्या स्वयंपाकघरात त्यांचा हात लहानपणीच बसला. अक्षरे वाचताना होणाऱ्या अडचणीमुळे शाळेत त्यांचे जमले नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते पाककलेच्या शिक्षणाकडे वळले. १९९९ मध्ये बीबीसीवर ‘द नेकेड शेफ’ ही त्यांची मालिका सुरू झाली. नावाने दचकण्याचे कारण नाही. उघडे व्हायचे ते अन्न, नटवेगिरी उतरवलेले. पुढच्याच वर्षी एका मोठ्या दुकानसाखळीने त्यांना जाहिरातीसाठी करारबद्ध केले. कीर्ती आली, तिच्या पाठोपाठ पैसाही आला. २००२ मध्ये त्यांनी लंडनमध्ये ‘फिफ्टीन’ नावाचे उपाहारगृह काढले. बेकार असलेल्या पंधरा तरुणांना घेऊन त्यांना स्वयंपाकी म्हणून घडवायचे, हा त्यामागचा संकल्प होता आणि त्यावरूनच ते नाव पडले होते.

ज्या कामाने ते खऱ्या अर्थाने सार्वजनिक वादाचे धनी झाले, ते काम मात्र २००५ चे. लंडनच्या ग्रेनिच भागातील एका शाळेच्या स्वयंपाकघरात ते उतरले आणि चॅनेल ४ या वाहिनीने त्याची मालिका दाखविली. शाळेत एका मुलाच्या जेवणातील जिन्नसांवर अवघे ३७ पेन्स खर्च होत होते. त्या काळच्या दराने सुमारे तीस रुपये. एवढ्या पैशांत येणार काय? तर कारखान्यातून गोठवून आलेले, तळून वाढायचे पदार्थ. त्यांपैकी ‘टर्की ट्विझलर’ नावाचा एक मुलांचा आवडता पदार्थ सर्वांच्या तोंडी झाला. टर्की पक्ष्याचे नाव मिरविणाऱ्या त्या पदार्थात टर्कीचे मांस जेमतेम एक तृतीयांश होते.

हे असे का झाले, याचा इतिहास समजून घेतल्याशिवाय कोणाला दोष देणे योग्य होणार नाही. १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळेत जेवण देणे हे इंग्लंडमधील स्थानिक शिक्षण संस्थांचे कर्तव्य ठरविले होते. १९८० च्या कायद्याने ती सर्वसाधारण सक्ती काढली आणि जेवणाच्या पोषणाचे राष्ट्रीय निकषही गेले. पुढे ठेकेदारी आली. ज्याचा दर कमी त्याला काम, अशी रीत पडली. स्वयंपाकघरात सुरी आणि पातेले यांची जागा कात्रीने आणि तळणीने घेतली. किमान निकष २००१ मध्ये पुन्हा आणले गेले, पण ते फारच सैल होते. थोडक्यात, ३७ पेन्स हा आकडा कोणा आईने ठरविलेला नव्हता, आणि पिशवी फोडून तळणीत ओतणाऱ्या स्वयंपाकीणबाईनेही नव्हे. तो अनेक टेबलांवरून, अनेक सह्यांनी, पंचवीस वर्षांत खाली आला होता.

मालिकेने हा आकडा घरोघरी पोहोचविला. लोक खवळले. २,७१,६७७ सह्यांचे निवेदन घेऊन ऑलिव्हर ३० मार्च २००५ रोजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या निवासस्थानी गेले. सरकारने शाळेच्या जेवणासाठी २८ कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली आणि जिन्नसांवर दर मुलामागे प्राथमिक शाळेत किमान ५० व माध्यमिक शाळेत किमान ६० पेन्स खर्च व्हावेत, असे ठरविले. पुढल्या वर्षीपासून नवे निकष लागू झाले: आठवड्यात दोनहून अधिक वेळा तळलेले नको, रोज फळे-भाज्या हव्यात, शाळेत गोळ्या-चॉकलेटे व गोड फसफसणारी पेये विकायची नाहीत. मिशेल बेलो आणि जोनाथन जेम्स या अर्थशास्त्रज्ञांनी ग्रेनिचमधील शाळांची आसपासच्या भागांशी तुलना करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंग्रजी व विज्ञान या विषयांत मुलांची प्रगती दिसून आली आणि आजारपणासारख्या मान्य कारणांनी होणारी गैरहजेरी १४ टक्क्यांनी घटली होती.

अक्वायनस यांचा पहिला प्रश्न येथे सहज सुटतो. मुलाचे ताट ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. नवा सॉस शोधल्याबद्दल मिळणाऱ्या टाळ्या आणि शेकडो शाळांतील ताटे बदलल्याबद्दल मिळणारी कीर्ती यांची एकाच तागडीत तुलना होऊ शकत नाही.

परंतु येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या साऱ्या खटाटोपात त्या माणसाचा स्वार्थ नव्हता काय? मालिका गाजली तशी त्याची पुस्तके खपली, उपाहारगृहे वाढली. हा आक्षेप खरा आहे. नीतिशास्त्र कोणत्याही कृतीचे मोल ठरविताना तीन गोष्टी पाहावयास सांगते: प्रत्यक्ष कृती, तिच्यामागील हेतू आणि तिची परिस्थिती. भुकेल्यास अन्न देणे ही कृती स्वभावतः चांगली. हेतूत स्वार्थाची भेसळ झाली तर देणाऱ्याचे पुण्य उणावते. घेणाऱ्याच्या पोटातले पोषण उणावत नाही. आपण आपले अंतःकरण तपासू लागलो तर निर्भेळ हेतूने केलेली कृत्ये आपल्याही खात्यात थोडीच निघतील. हेतू शुद्ध होईपर्यंत कोणी चांगले कामच करू नये, असा नियम केला तर जगातील निम्मी इस्पितळे आणि बहुतेक शाळा उभ्याच राहिल्या नसत्या.

तथापि हेतूचा प्रश्न अजिबात गौण आहे, असेही नाही. धंदा आणि हित जेथवर एका वाटेने चालतात तेथवर हेतू दिसत नाही. वाटा फुटतात तेथे तो उघडा पडतो. २०१५ मध्ये ऑलिव्हर यांनी साखर घातलेल्या पेयांवर कर बसवावा, अशी मोहीम उघडली. त्या वेळी त्यांनी आधी स्वतःच्या उपाहारगृहांत अशा प्रत्येक पेयावर १० पेन्स जादा आकार लावला आणि ते पैसे मुलांच्या आरोग्यासाठीच्या निधीस दिले. दुसऱ्याच्या गल्ल्यावर नियम मागण्यापूर्वी तो स्वतःच्या गल्ल्यावर लावून पाहणे, ही हेतूची बऱ्यापैकी कसोटी आहे. ब्रिटिश सरकारने मार्च २०१६ च्या अर्थसंकल्पात हा कर जाहीर केला आणि तो एप्रिल २०१८ मध्ये लागू झाला. शंभर मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, अशी त्याची रचना असल्याने कर लागू होण्यापूर्वीच अनेक उत्पादकांनी पेयांतील साखर घटविली. याच माणसाची उपाहारगृहांची साखळी मे २०१९ मध्ये मात्र कोसळली. २५ पैकी २२ बंद झाली आणि सुमारे हजार माणसांचा रोजगार गेला. लोकहिताची कीर्ती धंद्यातील तोट्यापासून कोणाला वाचवीत नाही, आणि एका क्षेत्रातील यश दुसऱ्या क्षेत्रातील शहाणपणाचा दाखलाही ठरत नाही.

अक्वायनस यांचा दुसरा प्रश्न, कीर्ती कोणाकडून, हा अधिक अवघड आहे. आणि आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. २००६ च्या सप्टेंबरात, दक्षिण यॉर्कशरमधील रॉदरहॅमजवळच्या रॉमार्श येथील शाळेच्या कुंपणापाशी काही आया उभ्या राहिल्या आणि गजांतून आपल्या व इतरांच्या मुलांना बर्गर, बटाट्याचे तळलेले काप असे काही पुरवू लागल्या. शाळेचे नवे जेवण मुलांना आवडत नाही, ते महाग पडते, मुले उपाशी राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. देशभरच्या वृत्तपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली आणि त्यांची यथेच्छ टिंगल झाली. ऑलिव्हर यांनीही त्याच वर्षी मुलांना निकृष्ट खाणे देणाऱ्या पालकांविषयी दूरचित्रवाणीवर असभ्य शब्द उच्चारले. पुढे २०१३ मध्ये, मोठ्या दूरचित्रवाणी संचासमोर बसून डब्यातले तळकट खाणाऱ्या गरीब कुटुंबाविषयी त्यांनी एका मुलाखतीत काढलेले उद्गारही बऱ्याच लोकांना झोंबले.

येथे सत्य कोणाच्या बाजूला होते? आहाराचे सत्य ऑलिव्हर यांच्या बाजूला होते, यात शंका नाही. रोजचे तळकट आणि गोड पेये मुलांना घातकच. पण आहाराचे सत्य हे पूर्ण सत्य नसते. गरीब आईच्या हातून मुलाला मिळणारे खाणे हे केवळ पोषण नसते. खेळणी, सहली, नवे कपडे, अशा अनेक गोष्टींना ज्या घरात नकार द्यावा लागतो, त्या घरात खाऊ ही एकच गोष्ट अशी असते की जिला आई हो म्हणू शकते. पालेभाजी आणली आणि मुलाने ती टाकली, तर ते पैसे गेले. पोट भरण्यासाठी दुसरे काही आणावयास पाकिटात काही उरत नाही. श्रीमंताच्या घरी नवीन पदार्थ फसला तर गंमत होते, गरिबाच्या घरी रात्रीचे जेवण जाते. हे ज्याने पाहिलेले नाही, त्याच्या तोंडी हितोपदेशही टोमणा होतो. आणि तो टोमणा लक्षावधी लोकांसमक्ष मारला जातो, तेव्हा डब्लिनची ती पाच शिलिंगांची गॅलरी पुन्हा भरते. यात मुले उपाशी होती की नव्हती, हे कोणी विचारीत नाही. प्रेक्षकांना फक्त आपण तसे नाही, याचे समाधान मिळते. प्रसिद्ध माणसाला कीर्ती देणारा लोकसमूह असा असतो. आज सह्या करतो, उद्या कुंपणाजवळच्या बाईला हसतो. त्याच्या निवाड्यावर विसंबून चांगल्या-वाइटाची रेघ मारता येत नाही.

चुकणाऱ्याला चूक दाखविणे हे प्रीतीचे काम आहे, असे अक्वायनस अन्यत्र सांगतात. पण प्रीतीचे असल्यामुळेच ते दुसऱ्याची सुधारणा व्हावी यासाठी करायचे असते, आणि सुधारण्याऐवजी तो आणखी बिघडेल असे दिसत असेल तर थांबायचे असते. चव्हाट्यावर लाजविलेली आई सुधारत नाही. ती चिडते किंवा खचते.

सुदैवाने ही कथा कुंपणापाशी संपली नाही. २००८ मध्ये ऑलिव्हर त्याच रॉदरहॅममध्ये गेले. त्यांनी तेथे ‘मिनिस्ट्री ऑफ फूड’ हे नाव घेऊन काम सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात शिधावाटप आणि काटकसरीचा स्वयंपाक शिकविणाऱ्या सरकारी खात्याचे ते नाव. साधे पदार्थ काही जणांना शिकवायचे आणि प्रत्येकाने ते आणखी दोघांना शिकवायचे, अशी त्यामागची कल्पना होती. कुंपणातून खाणे पुरविणाऱ्या आयांपैकी एक या कामात सामील झाली. दूरचित्रवाणीचे कॅमेरे येथेही होतेच. तरीही रागावलेला माणूस ज्यांच्यावर रागावला त्यांच्याच गावी जातो, त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहतो, तेथील रिकामी फडताळे पाहतो, ही पायरी लहान नव्हे. न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उतरून तो शेजारी होतो. अन्नाविषयी कोणाला काही सांगायचे असेल, तर ते शेजाऱ्यानेच सांगितलेले बरे.

राहता राहिला तिसरा प्रश्न: कीर्ती कशाकडे वळली? आमच्या समजुतीप्रमाणे याची परीक्षा दिवे मालवल्यानंतर होते. कॅमेरे गेल्यावर काय उरले? सोयर यांच्या मागे चूल उरली. ऑलिव्हर यांच्या मोहिमेमागे काही नियम, काही तरतूद, एक कर आणि काही शिकलेले हात उरले. मात्र उरलेले आपोआप टिकत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. नवे निकष आल्यावर सुरुवातीच्या काळात शाळेचे जेवण घेणाऱ्या मुलांची संख्या घटली. २०१० नंतर स्वायत्त दर्जा मिळून उघडलेल्या अनेक शाळा काही वर्षे या निकषांच्या बंधनाबाहेरच राहिल्या. निकष २०१५ मध्ये पुन्हा नव्याने लिहावे लागले. कीर्ती एखाद्या वसंतात दार उघडू शकते; ते दार वर्षानुवर्षे उघडे धरून ठेवण्याचे काम अनामिकांचे असते.

आणि या अनामिकांमध्ये सर्वांत पुढे असतात त्या शाळेच्या स्वयंपाकघरातील बाया. गोठवलेले पदार्थ तळण्याऐवजी गाजरे सोलायची, कांदे चिरायचे, पीठ मळायचे म्हटले म्हणजे काम कितीतरी वाढते, आणि पगाराचे तास त्या प्रमाणात वाढतातच असे नाही. मालिकेत बल्लवाचार्य काही महिने घाम गाळताना दिसले. त्यानंतर सोमवार ते शुक्रवार शेकडो ताटे भरणाऱ्या त्या बायांची नावे प्रेक्षकांपैकी कितीजणांना आठवत असतील? कीर्तिमान माणसाची नैतिक जबाबदारी आम्हांस येथे दिसते. दिवा दिवठणीवर ठेवायचा असतो तो घरातील सर्वांना उजेड मिळावा म्हणून. लोकांनी दिव्याकडेच टक लावून पाहत बसावे, हा त्याचा हेतू नसतो. प्रसिद्ध माणसाच्या उजेडात ते ३७ पेन्स, ती थकलेली स्वयंपाकीण आणि कुंपणापाशी उभी असलेली ती आई आपल्याला स्पष्ट दिसू लागली, तर त्याची कीर्ती कामी लागली. त्या उजेडात केवळ त्याचाच चेहरा दिसला, तर तेल वाया गेले.

या हिशेबात आपलाही एक वाटा आहे, आणि तो सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. कीर्ती ही कोणाची मिळकत नसते. ती आपण देतो. आपले लक्ष, आपला वेळ, आपले कौतुक यांचीच ती बनलेली असते. म्हणजे प्रसिद्ध माणसाकडे असते ते आपले उसने दिलेले धन. म्हणूनच त्याने ते समाजासाठी खर्चावे, ही अपेक्षा बाळगण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि ते आपण कोणाला देतो याचा जाबही आपल्यालाच द्यावा लागेल. पडद्यावरील बल्लवाचार्य मुलांना भाजी खायला सांगतात तेव्हा आपण माना डोलावतो. आपल्या घरात रोज पहाटे उठून तीच भाजी निवडणाऱ्या, चिरणाऱ्या आणि मुलाने नाक मुरडले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढणाऱ्या हातांना आपण कौतुकाचा शब्द कधी देतो? प्रसिद्धांच्या दिव्यात तेल घालताना एक पळीभर तेल या बाजूच्या समईतही घालावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.